कान शाबूत असल्याची सही

2023 ची दिवाळी झाली आणि थोरलीच्या लग्नाची बैठक आमच्या घरी बसली. ओसरीत सतरंजीवर दोन्हीकडची मिळून पंधरा-सोळा माणसं, वर पंखा, मधेच कुणाचा तरी फोन वाजतोय, पोरं आतबाहेर करतायत. मुलाचे मामा माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. चेहरा हसरा होता, मान जरा तिरकी होती. म्हणजे काहीतरी विचारतायत, एवढं कळलं. मी म्हणालो, "चालेल की. आमची काही हरकत नाही." समोरची मंडळी खूश झाली. माझा चुलतभाऊ मात्र माझ्याकडे बघतच राहिला. पाचेक मिनिटांनी थोरली आतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही."

लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडली तर चालेल का, असं मामांनी विचारलं होतं. थोरली नर्स आहे. तिच्या शिक्षणासाठी मी निवृत्तीनंतर सहा वर्षं एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी केली, आणि त्याच मुलीच्या नोकरीवर मी एका शब्दात पाणी सोडलं होतं.

ते स्थळ मोडलं. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही हो कसं म्हणालात?" बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हणालो, "मला ऐकूच आलं नाही गं." हे वाक्य माझ्या तोंडून चोवीस वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडलं.

मी 1990 साली तोफखान्यात भरती झालो. नाशिक रोडच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, मग रेजिमेंट. 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या युद्धात, आमच्या तोफा द्रासला होत्या. बोफोर्स 155 मिलिमीटरची तोफ, गोळा 40 किलोहून जड. त्या दोन महिन्यांत भारतीय तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, रॉकेट आणि मॉर्टरचे बॉम्ब डागले. टायगर हिलच्या वेळी तर एका दिवसात नऊ हजारांच्या आसपास. द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला 2022 मध्ये 'गन हिल' असं नाव दिलं. ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. आमच्या गोळ्यांच्या आडोशानं पायदळाची पोरं त्या कड्यांवर चढली, याचा अभिमान मला मरेपर्यंत राहील. पुढे जे सांगतो आहे त्यानं तो तसूभरही कमी होत नाही, म्हणून आधी सांगितलं.

तोफ उडते तेव्हा तिच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो आवाज कानाआधी छातीत लागतो. गोळा सुटताना तोंड उघडं ठेवायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. कानात कापूस असायचा, कधी इअरप्लगही मिळायचे. पण कान बंद केला तर हुकूम ऐकू येत नाही. अंतर किती, दिशा काय, चार्ज कुठला, फायर कधी, सगळं कानावरच चालतं. वर आपली माणसं चढत असताना एक आकडा चुकीचा ऐकला तर काय होईल, हे प्रत्येक गनरला माहीत असतं. म्हणून आम्ही कापूस काढून टाकायचो. तो कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. त्या घडीला तेच बरोबर वाटत होतं.

फायरिंग थांबलं की कानात शीळ सुरू व्हायची. पहिल्यांदा ती सकाळपर्यंत गेली. मग तीन दिवस राहिली. जुलैअखेर तोफा शांत झाल्या, तेव्हा माझ्या उजव्या कानात रातकिड्यासारखा जो आवाज बसला, तो आजही आहे. हे लिहितानाही आहे.

मग मी सांगितलं का नाही? फौजेत नसलेल्यांना हे थोडं उलगडून सांगायला हवं. आमच्याकडे शरीराची प्रत पाच अक्षरांत लिहितात, त्याला 'शेप' म्हणतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे बाकीचं शरीर आणि ई म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी एक असेल तर तुम्ही शेप-वन. एखादं अक्षर घसरलं की तुम्ही लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे एलएमसी. कुणी तुम्हाला हाकलून देत नाही. पण प्रमोशन, कोर्स, चांगली पोस्टिंग, सगळीकडे ते अक्षर तुमच्याआधी पोचतं. आणि लाइनीत 'एलएमसी' हा शब्द ज्या सुरात म्हणतात, तो मी बहिरा असलो तरी मला ऐकू यायचा. माझं हवालदारकीचं प्रमोशन तोंडावर होतं. घरी दोन लहान मुली होत्या, वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं.

कान तपासताना पाठमोरं उभं करतात, एक कान बंद करतात, आणि सहा मीटरवरून कुजबुजत्या आवाजात आकडे म्हणतात. आपण ते जसेच्या तसे परत म्हणायचे. बहुतेक वेळा तेच ते आकडे फिरून यायचे. पुढचा जवान बाहेर आला की मी त्याला विचारून घ्यायचो. एवढं करूनही अडलो, तर स्वर ओळखून उरलेलं जुळवायचो. दर वेळी पास झालो. 2014 मध्ये निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड झालं, म्हणजे फौज सोडतानाची वैद्यकीय तपासणी. काही त्रास आहे का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं आणि सही केली. चोवीस वर्षं झाली होती, घरी जायचं होतं. एच-वन घेऊन मी गावी आलो.

त्या सहीची किंमत मला दहा वर्षांनी कळली. माझ्या वेळच्या नियमांप्रमाणे, एखादं अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेत वाढलं असं बोर्डानं मान्य केलं आणि ते 20 टक्क्यांहून कमी नसलं, तर पेन्शनमध्ये त्याचा वेगळा भाग मिळायचा. बोर्डानं नाकारलं तर अपील होतं, पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण होतं, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात म्हटलंय की, भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही, तो धडधाकट आला होता असंच धरायचं. हे सगळं आमच्यासाठीच होतं. पण माझा कान शाबूत असल्याचं माझ्याच सहीनं लिहिलेलं होतं. मी कुणाविरुद्ध दाद मागणार? जे आज नोकरीत आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: बोर्डासमोर असेल ते सांगा. लपवू नका.

गावी आल्यावर लपवणं सोपं गेलं. फौजी माणूस मोठ्यानं बोलतो, कमी बोलतो, लोकांना त्यात नवल वाटत नाही. मी पारावर बसणं सोडलं. फोन आला की बायकोकडे द्यायचो. कीर्तनाला आधी पहिल्या रांगेत बसायचो, पुढे जाणंच थांबवलं. टीव्ही एवढा मोठा असायचा की शेजारचे सांगायला यायचे. रात्री सगळं निवांत झालं की ती शीळ वाढायची. झोप लागावी म्हणून कॅन्टीनची रम सुरू झाली. आधी एक पेग, मग किती ते मोजणं सोडलं. चिडचिड व्हायची. लोक हळू का बोलतात, मुद्दाम करतात का, असं वाटायचं. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुमच्याशी बोलायचं म्हणजे रानात हाक मारल्यागत मारावी लागते." त्यावर मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

मधे एकदा चोरून कानाचं मशीनही घेतलं होतं. एका मोठ्या गावातल्या दुकानात. कानात साधी बॅटरीसुद्धा मारून न बघता त्यांनी मशीन घातलं, आवाज वाढवला, आणि साडेआठ हजार घेतले. घरी आलो तर ताटावर चमचा पडला तरी कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, आणि माणसांचं बोलणं होतं तसंच धूसर. वर दर दोन मिनिटांनी शिट्टी. चार दिवसांत ते कपाटात गेलं, आणि माझी खात्री झाली की आपल्याला उपायच नाही.

बैठकीच्या प्रकारानंतर थोरलीनं सुट्टी टाकली आणि मला साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला घेऊन गेली. ही माजी सैनिकांची आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी कापून घेतात, त्यात बायकोही येते. माझं कार्ड तोवर फक्त ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी बाहेर निघायचं. सकाळी आठला रांगेत लागलो. कार्ड दाखवलं, नंबर मिळाला, साडेदहाला डॉक्टरांसमोर. तेही फौजेतून निवृत्त झालेले. थोरली बोलायला लागली तसं त्यांनी तिला थांबवलं, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि माझ्या डोळ्यांत बघत सावकाश म्हणाले, "हवालदार, तुम्ही सांगा." कुणी असं समोर बसून, तोंड दाखवून बोललं की मला समजतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी दहा मिनिटं बोलत होतो. त्यांनी कानात पाहिलं, मळ काढायला लावला, आणि पुण्याच्या लष्करी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागासाठी रेफरल लिहून दिलं.

पुण्याच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला तपासणीच्या मशीनची तारीख नव्हती, परत आलो. दुसऱ्या खेपेला ती काचेची खोली. दार बंद झालं आणि बाहेरचं सगळं थांबलं, उरला माझा रातकिडा. हेडफोन घातले, हातात बटण दिलं. बारीकसा आवाज आला की दाबायचं. जाड, घोगरे आवाज मी पकडत होतो. मग आवाज बारीक होत गेले आणि नुसती शांतता आली. काचेपलीकडे त्या मुलीची बोटं बटणांवर हलताना दिसत होती, म्हणजे ती आवाज सोडत होती. माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. फौजेतल्या सवयीनं वाटलं, अंदाजानं दाबावं. अंगठा बटणावरच होता. नाही दाबला.

नंतर शब्दांची चाचणी. ती शब्द म्हणायची, मी परत म्हणायचे. मी 'सात' म्हणालो तो 'साठ' होता. 'आठ' म्हणालो तो 'खाट' होता. 'काच' कधी 'पाच' झाली, कधी 'चाट'. त्या मुलीनं नंतर कागदावर लिहून समजावलं. अ, आ, ओ असे स्वर जाड आवाजात असतात, ते मला येतात. स, श, च, ट, क, फ हे बारीक आवाजात असतात आणि नेमके तेच गेलेत. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. "काका, तुम्हाला शब्दांचा सांगाडा गळून नुसतं मांस ऐकू येतं," असं ती म्हणाली. घरचे म्हणायचे, यांना हवं ते बरोबर ऐकू येतं. तसं नव्हतं. मला त्या कागदाची घडी करून खिशात ठेवावीशी वाटली.

डॉक्टर मॅडम मेजर होत्या. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलंही नव्हतं. समोर फक्त आलेख होता. 4000 हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या जागी रेघ दरीत उतरावी तशी खाली गेलेली, उजव्या कानाची जास्त. त्यांनी विचारलं, "आर्टिलरी?" मी हो म्हणालो. "कौनसी गन?" मी म्हणालो, "बोफोर्स, मॅडम. द्रास." त्यांनी पेन खाली ठेवलं. कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या आवाज पकडतात. मोठ्या धमाक्यानं त्या मोडून पडतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि सरळ सांगितलं म्हणून मला ते घेता आलं. कपाटातल्या मशीनचंही कोडं सुटलं. अशा कानाला हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज इतरांपेक्षा जास्त बोचतो. म्हणून सगळंच वाढवून चालत नाही, गेलेत तेवढेच सूर मोजून वाढवावे लागतात.

मग त्यांनी झोपेचं विचारलं. लोकांत जाता का, राग येतो का, पिता का. मी थोरलीकडे पाहिलं, ती उठून बाहेर गेली. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शीळ कान नाही, मेंदू निर्माण करतो. आत येणारा आवाज कमी झाला की तो रिकामी जागा स्वतः भरतो. पूर्ण शांततेत झोपू नका, पंखा चालू ठेवा, रेडिओ अगदी बारीक लावा. दारूनं झोप येत नाही, तुटते. कमी ऐकणारा माणूस एकटा पडतो आणि त्यातून मन खचतं, हे त्यांनी रोजच पाहिलेलं होतं. त्यांनी 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. त्याचा सैन्यासाठीचा खास कक्ष पुण्यातच, एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, 1 डिसेंबर 2023 ला सुरू झालाय. मी त्या नंबरवर दोनदा फोन केला. फोनवर ऐकायला मला थोरलीची मदत लागली, त्यामुळे मी काय बोललो ते तिनंही ऐकलं. बरंच झालं.

तिसऱ्या खेपेला साचा घेतला. कानात आधी दोरा बांधलेला कापूस, मग गुलाबी लगदा, तो घट्ट होईपर्यंत जबडा न हलवता बसायचं. मंजुरीचे कागद, सह्या, बिल यात दीड महिना गेला, त्यावर जास्त लिहीत नाही. एप्रिलमध्ये दोन्ही कानांना मशीन बसलं. त्या मुलीनं ते संगणकाला जोडून माझ्या आलेखाप्रमाणे जुळवलं आणि विचारलं, "काका, येतंय?" मला तिचा 'येतंय' आला, पण त्याआधी तिनं कागद उलटला तो आवाज आला. करकरीत. कागदाला आवाज असतो हे मी विसरलो होतो. उठून चाललो तर माझ्याच चपलांचा आवाज.

बाहेर पुण्याचा रस्ता. रिक्षांचे हॉर्न, बसचे ब्रेक. दोन मिनिटांत मशीन काढून खिशात टाकलं. थोरली काही बोलली नाही. घालून आलो की ऐकू आलं, इतकं हे सरळ नसतं. चष्म्यासारखं नाही. इतकी वर्षं मेंदूला ते आवाज मिळालेले नसतात, त्यानं ते पुन्हा ओळखायला शिकावं लागतं. पहिले पंधरा दिवस घरातल्या घरात दोन तास, मग चार, मग दिवसभर. अनेकांचं मशीन या पहिल्या महिन्यातच कपाटात जातं. माझंही गेलं असतं.

वाचवलं बायकोनं. रोज संध्याकाळी ती समोर बसून मला पेपर वाचून दाखवायची. मी ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं, चुकलं की ती पुन्हा वाचायची. ती सातवीपर्यंत शिकलेली, वाचताना अडखळते, एकेक अक्षर जोडत जाते. मला नेमकं तेच हवं होतं. महिन्याभरात लक्षात आलं की तिचा आवाज खाली आलाय. इतकी वर्षं ती माझ्यासाठी ओरडत होती. आणि ओरडून फक्त कामाचंच बोलता येतं: जेवायला या, लाईट गेली, दूधवाला आलाय. मनातलं ओरडून सांगता येत नाही, म्हणून तिनं ते सांगणंच थांबवलं होतं. जून महिन्यात एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं मला तिच्या धाकट्या भावाच्या मरणाचं सांगितलं. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मी त्याच्या मातीला गेलो होतो, दहाव्याला गेलो होतो, तो कसा गेला ते मला माहीत नव्हतं.

सगळं चांगलं झालं असं नाही. गर्दीत अजून समजत नाही. पाठीमागून हाक मारली तर दिशा कळत नाही. पावसाळ्यात मशीन दमट होतं, रात्री बॅटरी काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. शीळ आहेच, पण मशीन घातलं की मागे सरकते. रम गणपतीपासून बंद आहे.

28 सप्टेंबरला आमचा गनर्स डे असतो. 1827 साली याच दिवशी मुंबईची माउंटन बॅटरी उभी राहिली. 2024 मध्ये आम्ही जुने गनर साताऱ्यात एका हॉलमध्ये जमलो, तीसेक जण. आत पाऊल टाकलं आणि मला दोन्ही मशीनचा आवाज कमी करावा लागला. सगळेच ओरडून बोलत होते. दर वर्षी असंच बोलत होते, मला ते त्या वर्षी ऐकू आलं. कान पुढे करणारे, दुसऱ्याच्या ओठांकडे बघणारे, प्रश्न न समजता हसून मान डोलावणारे. मी प्रत्येकाला ओळखत होतो.

द्रासला माझ्याच तोफेवर असलेला एक दोस्त शेजारी होता. मी मशीन काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझं तसं काही नाही. मी एच-वन आहे." मी त्याला उठवलं, भिंतीकडे तोंड करून उभा केला, त्याचा डावा कान त्याच्याच हातानं बंद करायला लावला आणि सहा मीटर मोजून मागे गेलो. बाकीचे गप्प झाले.

"सत्ताईस," मी कुजबुजलो.

"सैंतीस."

"पचपन."

तो थांबला. "पचास."

"सड़सठ."

यावर तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं भिंतीकडेच बघत त्यानं विचारलं, "म्हटलास का?"

मी जवळ गेलो, त्याच्या समोर उभा राहिलो, आणि तो माझ्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबलो. मग सावकाश सांगितलं, "सोमवारी सकाळी आठला. कार्ड घेऊन ये. मी फाटकापाशी असेन."